काळ्या मातीखालचा खडक

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस आणि काळी माती आठवते. ती माती ज्या खडकापासून झाली, त्याची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या फत्तराचा आहे. पूर्वेस वणीकडे मात्र त्याहून जुने, कोळशाचे व चुनखडीचे थर आढळतात.

या फत्तराचे मूळ फार खोल आहे. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरण अत्यल्पसिकत खडकाचे असून त्यात सिलिका ४५ टक्क्यांहून कमी असते. ऑलिव्हीन व पायरोक्सीन ही त्यातील प्रमुख खनिजे. असा खडक आपल्या राज्यात सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली व वागदे येथे क्रोमाइटसह सापडतो. प्रावरणाचा थोडाच अंश वितळला, तर त्या रसात सिलिकेचे प्रमाण वाढते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच रस भेगांवाटे वर येऊन थरावर थर पसरला व थिजला. तोच आपला बेसॉल्ट.

त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, ऑजाइट आणि थोडे लोहखनिज असते. ही खनिजे ऊनपावसाने कुजली की फुगणारी चिकणमाती तयार होते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाने ओढ दिली तरी कोरडवाहू कापूस काही दिवस तग धरतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम खडकातूनच मिळते. नत्र मात्र खडकात नाही, ते शेतकऱ्यालाच शेणखताने द्यावे लागते.

अखंड फत्तरात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. म्हणून एका शेतातील विहीर भरते आणि शेजारची कोरडी जाते. आपल्या घरची वडीलधारी माणसे याला नशीब म्हणतात. कर्ज काढून विहीर खोदणाऱ्याला पाण्याचे हे गणित आधी कळले, तर केवढा आधार होईल!

झरी जामणी तालुक्यात शिबला येथे २०२१ साली रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे स्तंभ उघडे पडले. लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले आणि बहुधा षट्कोनी खांब तयार झाले. आपल्या खडकाची जडणघडण दाखवणारे हे उघडे पुस्तकच आहे. त्याची गिट्टी होऊ न देता आपण विद्यार्थ्यांनी ते एकदा तरी वाचावयास हवे.