पान्याची मूठ हातास बसती कशी करावी

नवा विळा घरीं आणला म्हणजे शेतकरी तो तसाच कापणीस नेत नाहीं. मूठ हातांत धरून पाहतो, जाड वाटली तर सुताराकडून तासून घेतो, सैल असेल तर पाचर मारून घट्ट करतो. खुरप्याची मूठ बायकांच्या हातास लहान लागते, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. कुऱ्हाडीस दांडा बाभळीचा घालावा कीं धावड्याचा, यावर पारावर तासभर वाद होतो. पण तोच शेतकरी तालुक्याच्या बाजारांतून इंजिनदुरुस्तीचा पाना घेतो, तेव्हां कारखान्यानें जशी मूठ दिली तशी ती मुकाट्यानें वापरतो; जणूं काय ती सरकारी फूटपट्टीच, तींत फेरफार करणें म्हणजे गुन्हा! ही समजूत सोडून देण्याजोगी आहे असें आमचें मत आहे.

आम्हांस हें ज्ञान पुस्तकांतून झालें नाहीं. महसुलाच्या दप्तरांत उभी नोकरी गेल्यामुळें हातास घट्टा होता तो लेखणीचा, मधल्या बोटाच्या पेरावर. निवृत्त होऊन वडिलोपार्जित जमिनींत लक्ष घालूं लागलों, तेव्हां विहिरीवरील डिझेल इंजिनाची लहानसहान दुरुस्ती स्वतः करावी असा उत्साह आला. पहिल्याच उन्हाळ्यांत, कांद्यास पाणी चालू असतां, इंजिनाच्या बुडाशीं एक नट सैल झाला. पाना गुळगुळीत, चकचकीत, बारीक दांड्याचा, हातास तेल, आणि जोर सगळ्या अंगाचा. मूठ हातांत फिरली, पाना नटावरून निसटला व उजव्या हाताच्या तीन बोटांचे सांधे लोखंडी बैठकीवर आपटून फुटले. टांके घालावे लागले, आणि तीन आठवडे त्या हातानें कांहींएक करतां आलें नाहीं. कांद्याच्या दोन पाळ्या शेजाऱ्याच्या सवडीप्रमाणें मिळाल्या, म्हणजे उशिरां मिळाल्या. ऐन पोसण्याच्या वेळीं पाणी चुकलें म्हणजे कांद्याचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. तो नट गांवच्या मिस्त्रींनीं येऊन अर्ध्या मिनिटांत आवळला. त्यांच्या पान्याच्या मुठीवर सुती दोरी गुंडाळलेली होती, व तिकडे आमचें लक्ष तेव्हां प्रथम गेलें.

या लेखांत पाना म्हणजे मुख्यत्वें रॅचेट समजावा. ज्याच्या चौकोनी टोकावर निरनिराळ्या मापाच्या गोट्या बसवितात, तो हा दांडा. त्याच्या डोक्यांत एक दातेरी चक्र व एक खिटी असते. एका दिशेनें दांडा फिरविला कीं खिटी दात्यांत अडकून नट फिरतो. उलट दिशेनें खिटी दात्यांवरून टकटक करीत घसरते व नट जागच्या जागीं राहतो. सायकलचें पायडल मागें फिरवितां जो आवाज येतो, तो याच युक्तीचा. टोकाचा चौकोन पाव इंच, तीन अष्टमांश इंच व अर्धा इंच अशा तीन मापांचा सर्रास मिळतो. इंजिन व ट्रॅक्टर यांच्या कामास अर्धा इंची दांडा लागतो. तो बहुधा २५ सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो.

आतां मुठीकडे वळूं. मुठीची जाडी ही पहिली गोष्ट. दांडा फार बारीक असला तर बोटांचीं टोकें तळहातांत रुततात, व पाना फिरूं नये म्हणून हात निष्कारण आवळावा लागतो. फार जाड असला तर बोटें पुरतीं वळत नाहींत व पकड सुटते. अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनें २००४ सालीं हातहत्यारांच्या निवडीविषयीं एक पुस्तिका काढली आहे. तींत जोराच्या कामाच्या मुठीचा व्यास सव्वा ते दोन इंच, म्हणजे सुमारें ३२ ते ५१ मिलिमीटर, सांगितला आहे. आमच्या मतें आपल्याकडील मध्यम हातास यांपैकीं खालचें माप, म्हणजे ३२ ते ३८ मिलिमीटर, बरें पडतें. परंतु छापील मापापेक्षां स्वतःचा हात हाच खरा दाखला. मूठ सहज धरली असतां अंगठ्याचें टोक तर्जनीच्या टोकावर नखाएवढें चढावें. तें तर्जनीस पोंचतच नसेल तर मूठ जाड. बोट ओलांडून तळहातावर टेकत असेल तर बारीक. दुकानांत व्यास मोजण्याचें साधन जवळ नसतें, म्हणून खिशांत एक दोरा ठेवावा व मुठीभोंवतीं गुंडाळून मोजावा. ३२ मिलिमीटर व्यासाचा घेर १० सेंटिमीटर भरतो व ३८ मिलिमीटरचा १२ सेंटिमीटर. पंप चालविणें व त्याचे नट आवळणें हें काम घरांतील सून किंवा लेक करीत असेल, तर माप तिच्या हातानें घ्यावें, घरधन्याच्या नव्हे.

मुठीची लांबी ही दुसरी गोष्ट. तळहाताची रुंदी ८ ते १० सेंटिमीटर असते, म्हणून मुठीचा धरावयाचा भाग १० सेंटिमीटरांहून कमी असूं नये. १२ ते १५ असेल तर उत्तम. आखूड मुठीचें बूड तळहाताच्या मधोमध टोंचतें. मनगटांतून बोटांकडे जाणारी मुख्य नस त्याच बाजूनें उतरते, आणि तिच्यावर रोज दाब पडत गेला म्हणजे अंगठा व शेजारचीं बोटें बधिर होऊं लागतात. रात्रीं झोपेंत हातास मुंग्या येऊन जाग येत असेल तर ती थकव्याची खूण समजून सोडून देऊं नये; वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मनगटाविषयीं एक प्रयोग वाचकांनीं आतांच करून पाहावा. मनगट सरळ ठेवून मूठ आवळावी. नंतर तें पुरतें आंत वाकवून पुन्हां तितक्याच जोरानें आवळून पाहावी. जोर निम्मासुद्धां राहिलासा वाटणार नाहीं. म्हणून अडचणीच्या जागीं हात वाकवून ओढण्यापेक्षां गोटी व दांडा यांमध्यें लोखंडी लांबणी घालून मनगट सरळ राहील अशी सोय करावी. दात्यांचा विचारही येथेंच करावयास हवा. ज्या चक्रास २४ दाते आहेत त्याची खिटी १५ अंश फिरल्यावर पुढच्या दात्यांत पडते. ७२ दात्यांच्या चक्राची ५ अंशांत. २५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशीं हें अंतर अनुक्रमें सुमारें साडेसहा व सवादोन सेंटिमीटर होतें. टाकी व गतिचक्र यांच्या फटींत हात घालणारास या फरकाची किंमत कळेल. तथापि बारीक दात्यांत धूळ शिरली तर खिटी पुरती बसत नाहीं, आणि शेतावर धुळीस तोटा नाहीं. तेव्हां असें डोकें वेळोवेळीं उघडून पुसावें व थोडें पातळ तेल द्यावें.

मुठीवर बोटांच्या खांचा पाडलेले पाने दुकानांत मोठ्या डौलानें मांडलेले असतात. ते घेऊं नयेत. खांचा कारखानदारानें कल्पिलेल्या बोटांच्या असतात. आपलें बोट उंचवट्यावर आलें कीं तेंच दुखतें. किंचित् लांबट गोल, म्हणजे अंड्याच्या छेदासारखी मूठ गोल मुठीपेक्षां सरस, कारण ती तेलकट हातांतही फिरत नाहीं, व न पाहतां डोक्याची दिशा कळते. गुळगुळीत चकाकीपेक्षां बारीक जाळीच्या रेघा कोरलेला दांडा बरा. पण जाळी फार तीक्ष्ण असली तर कातडें सोलतें.

आतां घरच्या घरीं मूठ वाढविण्याची रीत. आम्हीं पहिल्यानें सर्वजण करतात तेंच केलें: सायकलची जुनी ट्यूब कापून दांड्यावर चढविली. दोन महिन्यांत डिझेल पिऊन ती फुगली, चिकट झाली व शेवटीं हातांतच फिरूं लागली. म्हणजे मूळ दुखण्याहून औषध वाईट. नुसती सुती पट्टीही तेल शोषून ओंगळ होते. पुढील रीत आम्हांस लागू पडली.

प्रथम दांडा रॉकेलनें पुसून मग साबणाच्या पाण्यानें धुवावा. रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर चिकटा धरत नाहीं. वाळल्यावर पॉलिश कागदानें चकाकी मोडावी. हें करतांना डोळ्यांवर चष्मा ठेवावा, कारण मुलाम्याचे कपचे सुईसारखे उडतात. नंतर दोन नळ्यांतील रसायनें मिसळून होणारा चिकटा पातळ लावून ३ मिलिमीटर जाडीची सुती दोरी पिळास पीळ लावून घट्ट गुंडाळावी. एका थरानें व्यास ६ मिलिमीटर वाढतो, एवढा हिशेब ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे. आमचा दांडा २० मिलिमीटरचा होता. दोन थरांनीं तो ३२ झाला. चिकटा रात्रभर वाळूं द्यावा. मग विजेच्या सामानाच्या दुकानांत तापवितांच आकसणारी प्लॅस्टिकची नळी मिळते, ती शेपटाकडून वर चढवावी. ही नळी बहुधा तापवून निम्म्या व्यासापर्यंत आकसते. ३२ मिलिमीटरच्या मुठीस ४० मिलिमीटरची घ्यावी. गरम हवेच्या यंत्रानें मधून टोकांकडे सावकाश तापवीत जावें. जवळ डिझेल, पेट्रोल किंवा त्यांचे बोळे असूं नयेत. नळी आकसली कीं आंतील दोरीचे पीळ वर उमटतात, व त्या उंचसखल पृष्ठामुळें ओल्या हातासही पकड मिळते. नळीनें व्यास आणखी दोनेक मिलिमीटर वाढतो. उलटसुलट दिशा बदलण्याची कळ मात्र मोकळी राहिली पाहिजे. आम्हीं पहिल्या खेपेस दोरी इतकी वर नेली कीं कळ फिरविण्यास खिळा लागे.

दांड्यास भोंकें पाडणें, त्यावर लोखंडी नळी वेल्डिंगनें जोडणें किंवा तो भट्टींत तापविणें हें कदापि करूं नये. पान्याचें पोलाद कारखान्यांत विशिष्ट रीतीनें तापवून व निववून बळकट केलेलें असतें. पुन्हां तापविल्यानें तें बळ जातें, व मोडतें तें ऐन जोराच्या क्षणीं.

जाड मूठ केल्यानें जोर वाढतो असा कित्येकांचा समज आढळतो. जाडीनें पकड सुधारते. नटावरील पीळ वाढतो तो दांड्याच्या लांबीनें. २५ सेंटिमीटर दांड्याच्या टोकास २० किलोग्रामचा जोर लावला तर नटावर ५ किलोग्राम-मीटर पीळ पडतो. ज्या बोल्टाच्या डोक्यावर ८·८ हा आंकडा आहे तो ८ मिलिमीटर जाडीचा असल्यास त्यास सुमारें अडीच किलोग्राम-मीटर पुरतात. म्हणजे याच दांड्यावर १० किलोग्राम. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास साडेआठच्या सुमारास लागतात. म्हणजे ३४ किलोग्राम. इंजिनाच्या पुस्तिकेंत आंकडा दिला असेल तर अर्थात् तोच प्रमाण मानावा. मूठ सुखाची झाली कीं लहान बोल्टावरही माणूस जास्त जोर करतो, व बोल्ट तुटून आंत राहतो. हा दोष आमच्याही हातून एकदां घडला आहे.

गंजलेल्या नटासाठीं रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवून ओढण्याची चाल फार आहे. सगळा भार त्या लहानशा खिटीवर येतो. ती सुटली कीं माणूस तोंडावर पडतो. असा नट रिंग पान्यानें किंवा खिटी नसलेल्या लांब ताठ दांड्यानें सोडवावा; आधीं गंज सोडविणारें तेल घालून कांहीं तास वाट पाहावी. सुटल्यावर मग रॅचेट लावावा. आणि शक्य तेथें पाना आपणाकडे ओढावा, लोटूं नये. लोटणें भागच असेल तर मूठ न आवळतां उघड्या तळव्यानें लोटावें, म्हणजे निसटला तरी सांधे वांचतात. आमचे वांचले नाहींत, कारण आम्ही लोटीत होतों.

मुठीवर रबर किंवा प्लॅस्टिक आलें म्हणजे वीज लागत नाहीं, ही समजूत तर जिवावरची आहे. घरीं चढविलेली नळी ही विजेपासून रक्षण नव्हे. विजेच्या कामासाठीं १००० व्होल्टचा आंकडा व दोन त्रिकोणांची खूण असलेलीं वेगळीं हत्यारें मिळतात. पंपाच्या पेटीस तींही वीज तोडल्यावरच लावावींत. ट्रॅक्टरची बॅटरी काढतांना ऋण टोंकाची, म्हणजे सांगाड्यास जोडलेली तार आधीं सोडावी व बसवितांना ती शेवटीं जोडावी. नाहींतर धन टोंकावर लावलेला पाना सांगाड्यास टेकतो व लाल होईपर्यंत चिकटून राहतो.

हातमोज्यांनीं मुठीची जाडी वाढते, म्हणून मोजे घालून काम करणारानें माप मोज्यासहित घ्यावें. चालत्या पट्ट्याजवळ किंवा फिरत्या दांड्याजवळ मोजे मुळींच नकोत. कानशीस लांकडी मूठ नसेल तर ती वापरूंच नये. उघडें शेपूट तळहातांत आरपार जाऊं शकतें. लांकडी मुठींस जवसाचें तेल चांगलें मानवतें, फक्त तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

आमच्या मुठीवरील नळी गेल्या वर्षीं डोक्याकडून चिरली होती. पेरणीपूर्वीं ती कापून काढली, दोरी शाबूत होती, नवी नळी चढविली. सगळें काम दुपारच्या चहापूर्वीं आटोपलें.