मोकळ्या जागेचा पाठ

शाळेच्या इमारतीस रॅम्प, म्हणजे उताराचा मार्ग, असणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु त्या मार्गाच्या तोंडाशी काय उभे असते याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पुष्कळ ठिकाणी तेथे मोटारसायकली असतात, आणि त्यांत शिक्षकांच्याही असतात, हे स्पष्ट लिहिलेले बरे. एका शाळेत एक माता आपल्या मुलाला कडेवर घेऊन पायऱ्या चढताना प्रस्तुत लेखकाने पाहिली. मुलाची चाकाची खुर्ची गाड्यांच्या रांगेपलीकडे राहिली होती. रॅम्प मात्र उत्तम बांधलेला होता.

पुढील पाठ इयत्ता पाचवीस मैदानावर द्यावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये ज्या वर्धा येथे कार्यातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला गेला, तेथे नागरिकत्वाचा नियम नुसता फळ्यावर लिहून देणे शोभणारे नाही.

टेप व चुना घेऊन मुलांकडून ५ मीटर लांब व २.४ मीटर रुंद असा आयत आखवून घ्यावा. ही एका मोटारीची जागा. तिला लागून १.२ मीटर रुंदीची पट्टी आखावी. एकूण रुंदी ३.६ मीटर होते. दिव्यांगांच्या वाहनासाठी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेले माप हेच असून अशी जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी लागते. आता विचारावे, “ही पट्टी कशासाठी?” बहुतेक मुले ‘वाया गेली’ असे म्हणतील. मग पट्टीत एक खुर्ची ठेवून दाखवावे : मोटारीचे दार पूर्ण उघडते, खुर्ची आसनालगत येते, व्यक्ती हातांच्या बळावर तीत सरकते आणि खुर्ची वळते. पट्टीवर दुसऱ्याने स्कूटर लावली तर? उतरणे तर अशक्यच; पण आधी उतरून गेलेला मनुष्य परत आला, तर त्याला स्वतःच्या गाडीत बसताही येत नाही. हे मुलांना सांगू नये, त्यांच्याकडूनच निघू द्यावे.

याच वेळी रॅम्पही मोजावा. उंचीच्या किमान बारापट लांबी हवी. ४५ सेंटिमीटर जोत्यास ५.४ मीटर.

निळ्या फलकावरील पांढरी चाकाची खुर्ची ही खूण १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटली. चित्रात खुर्ची आहे म्हणून हक्क केवळ खुर्चीवाल्यांचा, असा समज मात्र होऊ देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार नमूद असून आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेल त्यांत आहे. तो पाहून ओळखता येत नाही. म्हणून कुणाच्या चालण्यावरून त्याचा हक्क ठरविण्याची सवय वर्गात लागता कामा नये.

याच अधिनियमाने बसथांबे व रेल्वे स्थानके येथील वाहनतळ सुगम करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. सुगमतेचे निकष केवळ शिफारशीदाखल न ठेवता किमान निकष बंधनकारक करावेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

मतदानाच्या दिवशी आपल्यापैकी अनेक शाळा मतदान केंद्रे होतात. त्यापूर्वी रॅम्पच्या तोंडाशी ही आखणी झालेली असावी. प्रथम मुख्याध्यापकांनी आपले वाहन हलवावे, मग पालकांस विनंती करावी. पावसात चुना वाहून जातो, तेव्हा आखणी तैलरंगाने करावी व दरवर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी ती पुन्हा उठवावी.