जुना लॅपटॉप, नवी प्रणाली आणि बोलका वाचक

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. एका अंध वाचकाचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची सवय सोडून लिनक्सवर जावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

जावे, पण आधी चव घेऊन. उबुंटू ही लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कवरचे काहीही न पुसता चालवता येते. डेस्कटॉप उघडला की विंडोजचे चिन्ह असलेली कळ, ऑल्ट आणि एस एकत्र दाबायचे. ऑर्का हा तिथला स्क्रीन रीडर बोलू लागतो. अडचण त्याआधीची. पेनड्राइव्ह निवडण्याचा मेनू बहुतेक यंत्रांवर मुका असतो, तिथे दोन मिनिटे कुणी डोळस माणूस लागतोच.

वेब पानांवर बोटे फारशी अडखळत नाहीत: एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढची लिंक, एनव्हीडीए आणि ऑर्का दोन्हीकडे सारखेच. ई-स्पीक या वाचन-आवाजाच्या प्रणालीचा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा मराठी आवाजही ऑर्कात भेटतो! एनव्हीडीएतली इन्सर्ट-एफ७ ने उघडणारी लिंक-शीर्षकांची यादी मात्र विसरायची. ऑर्कात शीर्षकांच्या यादीसाठी ऑल्ट-शिफ्ट-एच.

खरी कसोटी कचेरीच्या कामाची. मायक्रोसॉफ्ट वर्ड लिनक्सवर थेट बसवता येत नाही, लिब्रेऑफिस वापरावे लागते. रोजची एक फाइल त्यात उघडून, दुरुस्त करून, सहकाऱ्याला पाठवून पाहावी. तक्ते विस्कटले, तर विंडोज ११ चालणारा वापरलेला लॅपटॉप शोधणे त्यांना सोपे जाईल.