वाळवंटातल्या झऱ्यांचा माग काढताना

अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात ॲश मेडोज नावाची जागा आहे. पाऊस वर्षाला जेमतेम १० सेंटीमीटर, आणि तिथल्या क्रिस्टल पूल या एकाच झऱ्यातून मिनिटाला सुमारे १० हजार लिटर पाणी उसळतं. तिथे काम करताना पक्के झालेले चार धडे.

१. डोंगराच्या धारेला पाणलोटाची हद्द मानू नका. आपल्याकडे काळ्या पाषाणात विहिरीचं पाणी बहुधा त्याच शिवारात पडलेल्या पावसाचं असतं. ॲश मेडोजमध्ये मात्र खाली भेगाळलेला चुनखडक आहे. त्यातून पाणी एका खोऱ्याखालून दुसऱ्या खोऱ्यात जातं, वरच्या डोंगराची त्याला खबरही नसते.

२. पाणी कुठे अडलं ते शोधा. ॲश मेडोजचे झरे जवळजवळ एका रांगेत आहेत, कारण तिथल्या प्रस्तरभंगापाशी चुनखडक संपतो आणि पाणी सहजी न झिरपू देणारा गाळ आडवा येतो. पुढची वाट बंद झाली की पाणी वर येतं.

३. नमुना झऱ्याच्या तोंडाशीच घ्या. बाटली पाण्याखाली बुडवून भरायची, झाकणही तिथेच लावायचं, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. उन्हात डबक्यात साचलेल्या पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात आणि मग समस्थानिकं भलतंच सांगतात. झऱ्यांत स्प्रिंग माउंटन्स या डोंगररांगेवरच्या बर्फाचं पाणी आहे, ही ओळख याच समस्थानिकांवरून पटते, तेव्हा इथे हयगय नको. पीएच मात्र जागेवरच मोजायचा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड निसटलेला असतो.

पाणी किती जुनं आहे हे ठरवतानाही अशीच फसगत होते. चुनखडकातला जुनाट, निष्क्रिय कार्बन पाण्यात मिसळतो, म्हणून कार्बन-१४ चा आकडा दुरुस्त केल्याशिवाय वापरला तर पाणी आहे त्याहून फार म्हातारं दिसतं.

४. रसायनशास्त्र पाणी कुठलं ते सुचवतं. पण झऱ्याची नाळ कोणत्या विहिरीशी जोडलेली आहे, याचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा उपसा देतो. डेव्हिल्स होल ही ॲश मेडोजमधलीच, पाण्याने भरलेली खडकातली कपार. तिच्यातले इवले पपफिश मासे एका उथळ कातळावर अंडी घालतात. १९६८ पासून जवळच्या शेतीसाठी विहिरींतून उपसा सुरू झाला आणि पाण्याची पातळी घसरून कातळ उघडा पडू लागला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उपशावर मर्यादा कायम केली. पातळी त्यानंतर चढली, पण उपशाआधीच्या खुणेला ती अजून पोचलेली नाही.