नोकरभरती : सगळ्यांना एकच माप चालत नाही



हंगाम जवळ आला की नोकरीसाठी अर्ज येऊ लागतात. अर्जदार बहुधा आपल्यातल्याच कोणाचा मुलगा, पुतण्या नाहीतर भाचा असतो, आणि अर्जाच्या शेवटी ठरलेले वाक्य असते, "कोणतेही काम चालेल." या वाक्यावरच आम्हाला थोडे बोलायचे आहे. कारखान्यात "कोणतेही काम" नावाचे खाते नाही. गेटाच्या आत फिटर, केमिस्ट, हिशेबनीस, काटा कारकून, शेतकी माणूस असे कितीतरी निरनिराळे धंदे एका भोंग्यावर चालतात, आणि प्रत्येक धंद्याचा माणूस पारखायची रीत वेगळी आहे.

पॅनमनचेच घ्या. त्याची परीक्षा टेबलावर प्रश्न विचारून होत नाही. पॅन चालू असताना त्यातला नमुना काढायचा, काचेवर पसरून उजेडात धरायचा आणि दाणा सारखा वाढतोय की नाही ते सांगायचे, ही त्याची परीक्षा. हात चुकला की मध्येच बारीक खोटा दाणा पडतो. तो सेंट्रिफ्युगलच्या जाळीतून निसटून मळीत जातो. म्हणजे आपण रानात वर्षभर राबून पिकवलेली साखर मळीच्या टाकीत! पाच लाख टन गाळप धरले तर ०.१ टक्का उतारा म्हणजे ५०० टन साखर, ५० किलोची १०,००० पोती. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे ठरली. तेव्हा पॅनवर कोण उभा आहे, हा प्रश्न आपल्या ऊसबिलाचा आहे.

बॉयलरवर उलटे. तिथे आधी दाखला, मग बाकीचे बोलणे. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाच्या हाती बॉयलर देणे कायद्याला मंजूर नाही, आणि वाफेला ओळखपाळख समजत नाही. केमिस्टला पदवी हवीच, पण प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स आणि पोल काढायला बसवल्याशिवाय त्याची निवड करू नये.

सगळ्यांत अवघड भरती स्लीपबॉयची, म्हणजे काही भागांत ज्याला चिटबॉय म्हणतात त्याची. शिक्षण बेताचे चालते. पण लागणीची नोंद खरी ठेवणे, रिफ्रॅक्टोमीटरने पक्वता पाहणे आणि तोडीचा क्रम न मोडणे हे त्याच्यावर असते. भावकीतला ऊस आधी तुटला की दुसऱ्याचा आडसाली फड तुऱ्यावर येऊन वाळतो. आमच्या मते त्याला स्वतःच्या गावच्या गटात नेमू नये. गावचा माणूस बांध ओळखतो, असे काही सभासद म्हणतात. ते खरे आहे. पण बांध महिनाभरात ओळखू येतात, भावकी सुटत नाही.

प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर्स जमवले, पण अध्यक्षपदी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले. ज्याचे काम त्याच्याकडे देण्यात शेतकऱ्यांना तेव्हा कमीपणा वाटला नाही.

आता सहवीजनिर्मिती आणि इथेनॉल आले. टर्बाइन, स्विचयार्ड, आसवनी आणि सांडपाणी प्रक्रिया यांना नवीन माणसे लागतात. तेव्हा मुलाला "कुठेतरी चिकटव" म्हणण्याआधी सभासदांनी एवढे पाहावे. दहावीनंतर आयटीआयत फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक यांपैकी ट्रेड घ्यावा आणि मग शिकाऊ उमेदवारी करावी. रसायनशास्त्राचे पदवीधर असतील त्यांनी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. अर्जावर "कोणतेही काम" न लिहिता कामाचे नाव लिहावे आणि दाखल्याची प्रत जोडावी.