जुन्या गाडीच्या प्लगचे आटे : काम छोटं, पण बिलावर वेगळी ओळ हवी

या व्हिडिओत आपण जुन्या मारुती ८०० चे प्लग बदलताना हेडमधले आटे कसे साफ करायचे ते पाहिलं. गॅरेज टाकायच्या तयारीत असलेल्यांसाठी तेच इथे लिहून देतोय, सोबत धंद्याचा हिशोबही.

आधी माझी चूक सांगतो. गॅरेज नवीन होतं. एका ८०० चा तिसरा प्लग हाताने बसेना, आट्यांत कार्बन साचला होता. घाईत मी सरळ पाना लावला. प्लग तिरका गेला आणि हेडचे आटेच गेले. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. हरणार कोण ते ठरलेलंच. हेड उतरवून त्यात नवीन आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागला. मजुरी मिळाली प्लग बदलायची, खर्च झाला हेडचा, तोही माझ्या खिशातून.

आता बरोबर पद्धत बघा :

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लग काढण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.

२. आटे साफ करायला थ्रेड चेझर वापरा, टॅप नको. टॅप धातू कापतो, चेझर फक्त घाण काढतो. ८०० साठी माप १४ मिमी, पिच १.२५.

३. जुन्या प्लगच्या आट्यांची लांबी मोजून चेझरवर टेपची खूण करा. त्यापुढे आत जायचं नाही.

४. चेझरच्या खाचांत ग्रीस भरा, कचरा त्यात चिकटतो. हातानेच फिरवा : अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. बाहेर काढा, पुसा, पुन्हा ग्रीस लावा.

५. इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढा. इंजेक्शनवाली गाडी असेल तर इंजेक्टरचंही. मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, उरलेला कचरा बाहेर पडेल. चष्मा घाला, भोकांसमोर उभं राहू नका.

६. नवीन प्लग शेवटपर्यंत बोटांनीच बसवा. अडला तर काढा, जोर नको. मग टॉर्क पान्याने साधारण २५ न्यूटन-मीटर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

आता धंद्याचं. जुनी गाडी आली की प्लगला हात लावण्याआधीच गिऱ्हाइकाला सांगा : "साहेब, आटे खराब निघाले तर खर्च वाढू शकतो." त्याचा होकार जॉब कार्डवर घ्या. हीच गोष्ट आधी सांगितली तर सल्ला वाटते, नंतर सांगितली तर सबब. आणि साफसफाईची मजुरी बिलात वेगळी लिहा. फुकट केलेलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि घाईच्या दिवशी तेच आपण टाळतो. मी तेच टाळलं होतं.

आजचा गृहपाठ : तुमच्या कामातलं असं एक न दिसणारं काम शोधा आणि त्याचा दर ठरवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!