कातडीची ओल कशी राखावी?

नवे मडके पाण्याने भरून ठेवा. थोड्या वेळाने ते बाहेरून ओले लागते. आतले पाणी पाझरते आणि वाऱ्याने उडून जाते. आपल्या कातडीचंही तसंच आहे. घाम आला नाही तरी कातडीतून पाण्याची वाफ जात असते. मोठ्या माणसाच्या अंगातून रोज सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी असे जाते. म्हणजे दीड-दोन पेले!

कातडीचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी या विटा. त्यांच्यामधली चरबी हा गिलावा. कढत पाणी, कडक साबण आणि कपड्यांचा सोडा यांनी ही चरबी धुऊन जाते. थंडीत हवाही कोरडी असते. मग भिंतीला फटी पडतात, ओल भराभर जाते, टाचा फुटतात. भेगेतून जंतू आत शिरतात. मधुमेहाच्या माणसाला तर फार जपावे लागते. त्याची जखम लवकर भरत नाही. ती चिघळली तर पाय गमवायची पाळी येते.

यावर उपाय काय? भिंतीला वरून लेप द्यायचा. कोकणात भेगांना कोकमाचे तेल लावतात, तो असाच लेप. पेट्रोलियम जेलीचा लेप सर्वांत घट्ट. पण ती चिकट असते, तिला धूळ बसते.

आता पुष्कळ मलमांत सिलिकोन घालतात. वाळूत सिलिकॉन नावाचे द्रव्य असते. त्यापासून कारखान्यात सिलिकोन तयार करतात. मलमातल्या सिलिकोनचे नाव बहुधा डायमेथिकोन असते. त्याचा पातळ थर कातडीवर बसतो. तो चिकटत नाही. भांडी घासताना, धुणे धुताना पाणी आणि साबण थोडे दूर राहतात. मात्र वाफ त्यातून थोडी जातेच. म्हणून ओल अडवण्यात तो जेलीपेक्षा कमी पडतो. दिवसा कामाला जाताना सिलिकोनचे मलम सोयीचे. रात्री टाचांना जेली बरी.

एक गोष्ट ध्यानात धरा. सिलिकोन नवी ओल आणत नाही, असलेली ओल राखते. म्हणून कोरड्या कातडीवर चोळू नका. कोमट पाण्याने पाय धुवा, हलके टिपा आणि कातडी ओलसर असतानाच लावा. ग्लिसरीन पाणी ओढून धरते, म्हणून काही मलमांत दोन्ही असतात.

महाग मलम चांगलेच असते असे नाही. नळीवरची किंमत आणि तारीख आपण स्वतः वाचू या. आता आपल्याला आकडे येतात! भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर मात्र मलमावर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावे.

प्रश्न
१. कातडीतली चरबी कशाने धुऊन जाते?
२. मलम केव्हा लावावे? का?
३. घरातल्या एका नळीवरची तारीख वाचा आणि वहीत लिहा.